चार दिवसांचा दिवा

धाकू सुटून आला तो सोमवार होता. शेवंतीचा उपास. त्या दिवशी ती काजूच्या डोंगरावर बिया वेचायला गेली नाही. धारगळच्या हमरस्त्याच्या कडेला, रुंदीकरणात कापून काढलेल्या तांबड्या दरडीखाली, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. रस्त्यावर कोल्हापूर-बेळगावकडची माणसं खडी पसरत होती. म्हापशाकडून येणाऱ्या तीन बसगाड्या न थांबता गेल्या. चौथीतून तो उतरला.

तिने त्याला पायांवरून ओळखलं. चालताना डावा पाय बाहेर टाकायची खोड तेवढी तीच होती. बाकी सगळा सुकलेला. केस मानेपर्यंत पांढरे, हातात कापडी पिशवी. उतरला तिथेच तो उभा राहिला. दोन्हीकडे बघत होता, पण रस्ता ओलांडत नव्हता.

"ये मरे!" शेवंती पलीकडून ओरडली.

"गाडयो खूप झाल्यो गो, बाय."

शेवटी तीच गेली आणि लहानपणी या धाकट्या भावाला शाळेत नेताना धरायची तसं मनगट धरून त्याला अलीकडे घेऊन आली. त्याच्या तळहाताची कातडी तिच्या बोटांना लागली. दहा वर्षं तुरुंगात काथ्याच्या दोऱ्या वळून ती खोबऱ्याच्या करवंटीसारखी झाली होती.

घरी बाबुराव, शेवंतीचा नवरा, सोप्यावर बसला होता. धाकू पायरी चढू लागला तसा तो म्हणाला, "बस. हंयच बस, वारो आसा."

धाकू अंगणातल्या दगडावर बसला. बाबुरावने स्वतः आत जाऊन चहा आणला आणि सकाळी पाववाल्या पोदेराने दिलेले दोन कडक उंडे. चहा जर्मनच्या पेल्यात होता. खोली भाड्याने घेतलेल्या बेळगावच्या दोघा मजुरांसाठी तो पेला मागच्या पडवीत वेगळा ठेवलेला असायचा. शेवंतीने पेला ओळखला आणि नजर खाली घातली. धाकूने उंडा चहात बुडवून, वर न बघता, संपवला. पडलेला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.

"खोलयेत माणसां आसत," बाबुराव म्हणाला. "तां सोड. माणसां जातली फुडे. पण आमच्या योगिताक बघूक येतले पाडव्याक. सावंतवाडीची माणसां. माझ्या सोप्यार तू दिसलंस तर मी काय सांगू? माका वायट म्हणा नको, धाकू. चेडू एकच आसा."

"नाय म्हणाक," धाकू म्हणाला.

"मगे तो रवतलो खंय?" शेवंतीने विचारलं.

बाबुराव रिकामा पेला उचलून मागच्या पडवीत गेला.

धाकूच्या खिशात घडी करून ठेवलेला कागद होता. सुटलेल्या कैद्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी अधिकारी पद्मावतीबाई गेल्या महिन्यात शेवंतीकडे येऊन सगळं सांगून गेल्या होत्या. शिक्षेची उरलेली चार वर्षं बाहेर काढायची, पण एकाच पत्त्यावर. घराला नंबर हवा, डोक्यावर छप्पर हवं, शेजाऱ्याचा जबाब हवा. "सुटल्यापासून पंधराव्या दिवशी मी बघायला येईन," त्या म्हणाल्या होत्या. "पत्ता नसेल तर मला परत पाठवावं लागेल, शेवंतीबाई. मला पाठवायचं नाहीये, पण पाठवावं लागेल."

त्यांनी अर्ज भरून घेतला होता. माहेरचं घर बंद आहे की वापरात, असं विचारल्यावर शेवंती म्हणाली होती, "थंय तुळशीकडे दिवो लागता." बाईंनी लिहिलं, दररोज दिवा लावला जातो, आणि वाचून दाखवलं. दररोज. शेवंतीने सही केली. महिन्याचे चार दिवस ती बाहेरची असते, तेव्हा तुळशीला शिवत नाही, हे सांगायला तिची जीभ उचलली नाही. देवाच्या दिव्याबद्दल आपण खोटं लिहून दिलं, असं तिला झोपेतून उठल्या उठल्या आठवायचं.

माहेरचं घर हमरस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. जमीनमालक भाटकाराच्या जागेत दोन मुंडकारांची घरं, जमीन त्याची पण राहायचा हक्क यांचा, पिढ्यान्पिढ्या तिथेच राहिलेली. एक धाकूचं. एक मारुतीचं. मधे एक वई, काठ्यांचं कुंपण. त्या वईच्या काठ्या कोणी हलवल्या यावरून दहा वर्षांपूर्वी मिरगाच्या तोंडावर दोघांची जुंपली होती, आणि धाकूच्या हातातला पिकासाचा, कुदळीचा दांडा मारुतीच्या कानामागे बसला होता. एकच बसला होता. मारुतीची बायको गंगा तेव्हा वर्षाच्या लेकीला, ऋतिकाला, कडेवर घेऊन विहिरीवर उभी होती.

आता वई नव्हती. धाकूच्या घराचं छप्पर तिसऱ्या पावसाळ्यात आत आलं, मग मागची भिंत गेली. पुढची भिंत गुडघ्याएवढी उरली होती, तिच्यात खिडकीची चौकट तिरकी अडकलेली. फक्त अंगणातली तुळस शाबूत. तिचा कट्टा शेणाने सारवलेला आणि देवळीत तेलकट काळी पणती.

धाकू तुळशीपासून चार हात लांब थांबला.

"नमस्कार कर," शेवंती म्हणाली.

"ह्या हातांनी नको."

त्याने पिशवी खाली ठेवली, पडलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यावर चढला आणि हातांनीच माती उपसायला लागला.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी काम धरलं. शेवंती पहाटे डोंगरावर बिया वेचायला जायची आणि दहा वाजता बोंडांच्या रसाने काळ्या पडलेल्या बोटांनी इकडे यायची. धाकूने तोवर माती खणलेली असायची. तिच्यात भाताचं तूस आणि विहिरीचं पाणी घालून तो ती पायांनी तुडवायचा. मग शेवंती गोळे करून द्यायची आणि तो भिंतीवर आपटून बसवायचा. हातभर उंचीचा एक थर. तो वाळल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. वरती ताडपत्री बांधून तिच्याखाली तो राहत होता. दुपारी ताडपत्रीखाली भट्टीसारखं व्हायचं. त्याच्या पाठीवर घामोळं उठून फुटलं, पण शर्ट काढायला तो तयार नव्हता. एकदा भिजलेला शर्ट पाठीला चिकटला तेव्हा शेवंतीला खालचे जुने वळ दिसले. तिने पुढचा गोळा वर दिला.

पाण्यासाठी तो गंगा विहिरीवर नसताना जायचा. गंगाच्या घराचं दार दिवसभर अर्धं लोटलेलं असायचं. कधी आतून पाट्यावर वाटणाचा आवाज यायचा आणि धाकूच्या हातातला गोळा हातातच राहायचा.

मधल्या दिवसांत शेवंतीने खोलीसाठी पाच घरं पालथी घातली. हमरस्त्याकडच्या खोल्या रस्त्याच्या माणसांनी भरलेल्या होत्या. एक खोली रिकामी होती. मालकीण म्हणाली, "देयन की. कोणाक व्हयी?" शेवंतीने नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "अगो, आताच आठावला, माझो भाचो येतलो रवाक."

दुसरा थर वाळत असताना भाटकाराचा मुकादम बाबली मोटारसायकल घेऊन आला. तो उतरला नाही. एक पाय जमिनीला टेकून बघत राहिला.

"बरी आसा भिंत," तो म्हणाला. "शिकयतत काय रे थंय गवंडीकाम?"

धाकू माती तुडवत राहिला.

"शेवंती, तुका म्हणान सांगतंय. ह्या घर धा वर्सां बंद आसा. बंद पडल्यार मुंडकारी खंय? रस्तो मोठो झालो, जमनीक आता भाव इलो. भाटकार गप बसतलो? त्या बाईंका पत्र गेलां. येतली त्या दिवसा मी हंय आसतलंय."

"घर बंद नाय," शेवंती म्हणाली. "दिवो लागता."

बाबली हसला. "दिव्यान छप्पर धरता काय गो?"

तो गेल्यावर धाकू पहिल्यांदा काम टाकून खाली बसला. "बाय, माका परत जावंक सोड. थंय निदान जागा ठरलेली आसा."

"गप रव," शेवंती म्हणाली. ती त्याच्याशी इतक्या चिडीने कधी बोलली नव्हती. "मी धा वर्सां चलान येतंय हंय. तुज्या खातीर नाय. आवशीची तुळस ती. पण आता तू बांध."

बाई यायला दोन दिवस उरले तेव्हा ती गंगाच्या दारात गेली. मारुती गेल्यापासून ती त्या पायरीवर चढली नव्हती. गंगा सुपात कुळीथ पाखडत होती. पाखडायची थांबली नाही.

"बाई तुका विचारतली," शेवंती म्हणाली. "शेजाऱ्याचो जबाब लागता."

"ठावूक आसा."

"मी मधी मधी हंय वस्तीक येय, असा सांगशीत? दोन शब्द फकत."

सूप थांबलं. गंगाने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावरचं गोंदण उन्हाने फिकं पडलं होतं.

"तू येय वस्तीक?"

"नाय."

"मगे? तू सोमवार करतंस, संकष्ट करतंस, आणि माका खोटा बोल म्हणतंस? मी बघितलां तां सांगतलंय. तेच्या भायर एक अक्षर नाय. तेच्या बाजून नाय आणि बाबलीच्या बाजून पण नाय."

शेवंती उठली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. पायरी उतरताना तिला मागून सुपाचा आवाज पुन्हा सुरू झालेला ऐकू आला.

पंधराव्या दिवशी पद्मावतीबाई अकराच्या उन्हात स्कूटरवरून आल्या. बाबली आधीच येऊन आंब्याखाली बसला होता. बाबुरावही आला होता, लांब, रस्त्याच्या कडेला. भिंत कमरेएवढी झाली होती. बाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या, ताडपत्रीखाली वाकून बघितलं. आत एक चादर, एक पातेलं, तीन दगडांची चूल.

"काम चांगलं केलंय, धाकू," त्या म्हणाल्या. "पण हे अजून घर नाही."

"पावसाआधी छप्पर घालतंय, बाई."

"मला आज लिहायचं आहे." त्यांनी कागद स्कूटरच्या सीटवर ठेवला. "जमीनमालकाची हरकत आली आहे. ते म्हणतात इथे कोणी राहत नव्हतं. मुंडकारीचा निकाल माझ्या हातात नाही, तो मामलेदारांकडे. पण घर वापरात होतं असं शेजारी म्हणाले, तर मी हा पत्ता लिहून महिन्याभराची मुदत देऊ शकते." त्यांनी गंगाकडे बघितलं. ती आपल्या अंगणाच्या कडेला, पदर खोचून उभी होती. "गंगाबाई, तुम्हाला बोलायचं नसेल तर मी समजू शकते."

"इचारा."

"दहा वर्षांत या घरात कोण राहिलं?"

"कोण नाय."

बाबली उठून उभा राहिला. शेवंतीने डोळे मिटले.

"चूल पेटली?"

"नाय. धूर बघूक नाय मी कधी. दिवो मात्र लागी. रोज."

"रोज म्हणजे? या अर्जात शेवंतीबाईंनी दररोज लिहिलं आहे."

आता बोलावं, नाहीतर जन्मभर हे मानगुटीवर बसेल असं शेवंतीला वाटलं. "बाई," ती म्हणाली, "ता माझा चुकला. म्हयन्याचे चार दिवस माका शिवाक जमा नाय. ते चार दिवस काळोख आसता थंय. मी खोटा लिवान दिलंय."

"काळोख नसता," गंगा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"ते चार दिवस मी लायतंय. आणि माझी अडचण पण त्याच दिवसांत आसली तर ऋतिका लायता."

"तू?" शेवंती म्हणाली. पाचव्या दिवशी न्हाऊन यावं तर पणती पुसलेली असायची. वाऱ्यापावसाने धुतली असेल असं ती समजायची. दहा वर्षं समजत आली होती.

"कशाक?" बाबलीने विचारलं.

"तुळशीन माझ्या घोवाक मारूक नाय," गंगा म्हणाली. आवाजात काही नव्हतं. जसं कुळथाचा भाव सांगावा.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत. पण दिवा बाहेरून येऊन लावला, घरात वस्ती नव्हती, हेच मला लिहावं लागतंय. हा पत्ता मी धरू शकत नाही."

"मी सांगलंय न्हय?" बाबली म्हणाला.

धाकूने ताडपत्रीखाली जाऊन चादर झटकली, नीट घडी घातली, पिशवीत ठेवली. पातेलं शेवंतीच्या पायाशी आणून ठेवलं. "ह्या तुझा," तो म्हणाला आणि स्कूटरजवळ जाऊन हात पुढे बांधून उभा राहिला. ते उभं राहणं बघून बाबुरावने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"बाई," गंगा म्हणाली, "पत्त्याक घरच लागता? गोठो चलता?"

"काय?"

"म्हस गेल्या वर्सा गेली. गोठो रिकामो आसा. नळे सगळे धड आसत, गळणा नाय. घराक लागान आसा, म्हणान नंबर एकच. लिवा."

"गंगा, येड लागला तुका?" बाबली पुढे आला. "तुझ्या घोवाक मारल्लो तो—"

"तू माका सांगतंस? तेराव्याक जेवूक इल्लंस तू. दोनदा भात मागल्लंस. मीच वाढलंय तुका."

"भाटकाराक इचारल्याशिवाय कोणाक ठेवक गावचा नाय."

"म्हशीक बांधताना इचारूक नाय. ह्येका बांधताना कित्याक इचारू?" मग ती बाईंकडे वळली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज थोडा हलला. "बाई, ह्येचा घर मोडल्यानी की फाल्या माझा मोडतले. दोन घरां आसत थोवर मुंडकार आसत. एकटी रवलंय तर मी पण भाटकाराची जागाच. म्हणान सांगतंय. दया बिया कोणी समजा नये."

बाईंनी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटता. पण भीती माका बाबलीची पण वाटता."

बाईंनी गोठा बघितला. दावणीचा खुंटा, कोपऱ्यात जुनं गवत, भिंतीला म्हशीने अंग घासून गुळगुळीत केलेली जागा. त्यांनी घराचा नंबर लिहून घेतला. गंगाने अंगठा नाही, सही केली, एकेक अक्षर दाबून. मग धाकूकडे न बघता, त्याच्या पायाजवळच्या जमिनीला सांगितल्यासारखं म्हणाली:

"मी विहिरीवर आसतंय तेव्हा थंय येवचा नाय. माझ्या चेडवाक हाक मारूची नाय. आणि माझी माफी मागूची नाय. आज नाय, कधीच नाय. मागलंस तर त्याच दिवसा भायर."

धाकूने मान हलवली.

त्या दिवशी तिन्हीसांजेला शेवंतीने दिवा लावला तेव्हा गंगा गोठ्यापाशी आली. धाकू आत, गवतावर चादर पसरत होता. गंगाने गोठ्याच्या तोंडाशी दोन बांबू आडवे सरकवले, वरचा आणि खालचा, म्हशीला कोंडायची तसे. सवयीने की मुद्दाम, शेवंतीला कळलं नाही. धाकू आत सरळ उभा राहिला आणि बांबू बसल्याचा आवाज होईपर्यंत तसाच उभा होता. मग आडवा झाला.

आठवड्याने शेवंतीचे चार दिवस आले. ती मागच्या पडवीत बसून राहिली. जर्मनच्या त्याच पेल्यात योगिता तिला लांबून चहा देत होती.

पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, तेलाची बाटली आणि कापूस घेऊन ती निघाली. भिंत आता छातीएवढी झाली होती. धाकू वर बसून चौथा थर बसवत होता. गंगा धोंड्यावर कपडे आपटत होती. आज ती विहिरीवर होती आणि तो भिंतीवर होता, आणि दोघांमधे वई नव्हती.

तुळशीच्या देवळीत पणती पुसलेली नव्हती. तिच्यात दोन वाती होत्या. एक जाड, काथ्याच्या दोरीसारखी पीळ घालून वळलेली. ती टोकालाच काळी होती, बाकी तेल पिऊन तशीच पडलेली. तिला कडेला सारून मधे दुसरी, बारीक. ती बुडापर्यंत जळून गेलेली.

शेवंतीने पणती हातात घेतली. "वैनी," ती म्हणाली. दहा वर्षांनी तिने ती हाक मारली. "ह्यो दोन वाती कशो?"

गंगा कपडे आपटत राहिली. मग थांबली.

"काल माका डोंगरावयल्यान येवक उशीर झालो. इलंय तर लागल्लो. त्येणां लायलेलो."

भिंतीवरचा आवाज बंद झाला होता.

"मगे?"

"मी विझयलंय."

तुळशीचा लागलेला दिवा कोणी हाताने विझवत नाही. तो आपण होऊन शांत व्हायचा असतो. गंगाने ओला पदर पिळला. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांवर भाजल्याचे पांढरे फोड होते. दिवा तिने फुंकला नव्हता, चिमटीने विझवला होता.

"बरोच वेळ तशीच उबी रवलंय काळोखात," ती म्हणाली. "मगे माझी वात घालून परत लायलंय."

"तो बघी होतो?"

"बघी होतो."

ती कपड्यांचा पिळा खांद्यावर टाकून घराकडे चालायला लागली. अर्ध्या अंगणात गेल्यावर थांबली. मागे वळली नाही.

"त्येका सांग, वात बारीक वळूची. तेल फुकट जाता."

शेवंतीने वर बघितलं. धाकूने मातीचा हात मांडीला पुसला. मग पुन्हा पुसला. मग खाली वाकून त्याने मातीचा पुढचा गोळा उचलला.